उद्गारचिन्ह एकच, कारणं चार: आयट्यून्समधली हरवलेली गाणी परत कशी जोडायची

बाबांचा फोन सकाळी साडेसहाला वाजला की कारणं दोनच असतात. एक तर नात्यातलं कुणीतरी गेलेलं असतं, नाहीतर त्यांची गाणी गेलेली असतात. या वेळी गाणी होती. "अरे, भूपाळ्यांच्या यादीत मधूनमधून ते उद्गारचिन्ह आलंय. तू गणपतीत येऊन काय केलंस याला?" मी म्हटलं, "बाबा, मी काहीच केलेलं नाही. आणि तुम्ही आता कशालाही हात लावू नका." यातलं पहिलं वाक्य साफ खोटं होतं, पण ते मला दोन दिवसांनी कळलं.

बाबा सांगलीत, मी पुण्यात. त्यांच्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर आयट्यून्स, म्हणजे ॲपलचा गाणी वाजवायचा प्रोग्राम, आहे आणि त्यात नऊ हजारांच्या वर गाणी. घरच्या कॅसेटींवरून उतरवलेली नाट्यपदं, सीडीवरून घेतलेले अभंग, कुणाकुणाच्या बैठकींची रेकॉर्डिंगं, पु. लं.चं कथाकथन. आतल्या डिस्कवर जागा नाही म्हणून फाइली कायम बाहेरच्या डिस्कवर. गेल्या बारा-तेरा वर्षांत ही गाणी चार वेळा 'हरवली'. लक्षण दर वेळी हुबेहूब तेच होतं. गाण्याच्या डावीकडं गोलात उद्गारचिन्ह, आणि डबल क्लिक केलं की मूळ फाइल सापडत नाही, तुम्ही शोधून देता का, असा प्रश्न. कारण मात्र चारही वेळा वेगळं निघालं. आणि मी दर वेळी मागच्या खेपेचं औषध पाजून दुखणं वाढवून ठेवलं. म्हणून हे एकदाचं सविस्तर लिहितोय. तुमच्याकडं कारण बहुधा या चारांपैकीच एक असेल.

आधी काय करायचं नाही

आयट्यून्स गाणी स्वतःच्या पोटात ठेवत नाही. त्याच्याकडं असते ती फक्त एक वही. वहीत गाण्याचं नाव, गायक, तुम्ही दिलेले तारे, किती वेळा वाजवलं, कधी घातलं, आणि फाइलचा पूर्ण पत्ता. विंडोजवर ही वही 'म्युझिक' फोल्डरमधल्या 'आयट्यून्स' फोल्डरात असते, 'आयट्यून्स लायब्ररी' नावानं, शेपटी आयटीएल. उद्गारचिन्ह म्हणजे आयट्यून्स त्या पत्त्यावर गेलं आणि तिथं कुणी भेटलं नाही, एवढंच. माणूस गेला असं नव्हे. घर बदललं असेल, गल्लीचं नाव बदललं असेल, नाहीतर पत्ता लिहिताना कुणी वेलांटी चुकवली असेल.

म्हणून उद्गारचिन्हवाली गाणी निवडून डिलीट करू नका. वहीतली ओळ गेली की तारे गेले, वाजवल्याची मोजणी गेली, हातानं लावलेल्या याद्यांतली जागा गेली. आणि याहून वाईट गोष्ट म्हणजे सगळा फोल्डर पुन्हा उचलून आयट्यून्समध्ये टाकणं. मी २०१३ मध्ये नेमकं तेच केलं. नऊ हजारांची अठरा हजार झाली. निम्मी जिवंत पण कोरी, निम्मी मेलेली पण बाबांच्या ताऱ्यांसकट. बाबा तारे उधळत नाहीत. पाच तारे मिळालेली गाणी त्यांच्याकडं सव्वाशेसुद्धा नसतील. ती यादी जुळवण्यात माझी अख्खी दिवाळीची सुट्टी गेली, आणि फराळाच्या ताटावर रोज एक टोमणा ठरलेला.

पहिलं काम हे: आयट्यून्स बंद करा आणि ती वही, म्हणजे आयटीएल फाइल, दुसरीकडं कॉपी करून ठेवा. त्याच फोल्डरात 'प्रीव्हियस आयट्यून्स लायब्ररीज' असाही एक फोल्डर दिसेल. आयट्यून्सची नवी आवृत्ती आली तेव्हा बाजूला काढलेल्या जुन्या वह्या त्यात असतात. अगदीच गळ्याशी आलं तर त्यातली एखादी कामाला येते. कंट्रोलसारखीच शिफ्ट नावाची कळ कधी कधी आपल्याला वाचवते: शिफ्ट दाबून ठेवून आयट्यून्स उघडलं की कोणती वही वापरायची ते विचारतं. मॅकवर हेच काम ऑप्शन कळ करते.

मग पत्ता वाचा

या सगळ्यात खरं निदान एवढंच आहे, आणि मला ते करायची अक्कल तिसऱ्या खेपेला आली. उद्गारचिन्हवालं एक गाणं निवडा, कंट्रोल आणि आय दाबा. फाइल शोधून देता का असं विचारेल, तिथं कॅन्सल म्हणा. मग माहितीची खिडकी उघडते. त्यात 'फाइल' या टॅबवर खाली 'लोकेशन' लिहिलेलं असतं. आयट्यून्सच्या मते फाइल कुठं आहे तो हा पत्ता. कागदावर उतरवून घ्या, खरंच कागदावर.

आता फाइल एक्स्प्लोररमध्ये त्या पत्त्यानं पायी चालत जा. ते अक्षर असलेला ड्राइव्ह दिसतोय का? दिसतो. त्यात पहिला फोल्डर आहे का? आहे. गायकाचा फोल्डर? अल्बमचा? फाइल? वाट जिथं तुटते तिथं तुमचं कारण आहे. ड्राइव्हपाशीच तुटली तर पुढचा भाग वाचा, पत्ताच 'सी' वरचा दाखवत असेल तर त्यापुढचा, फोल्डरपाशी तुटली तर तिसरा. आणि वाट कुठंच तुटली नाही, फाइल डोळ्यांसमोर आहे, नाव तेच आहे, तरी आयट्यून्स नाही म्हणतंय, तर थेट शेवटच्या कारणाकडं जा. तुमचीही गाणी बहुधा देवनागरीतली असणार.

एक गोष्ट ध्यानात ठेवा, नाहीतर घाबरायला होतं. ही खूण आळशी आहे. गाण्याला हात लागेपर्यंत ती उमटत नाही, आणि एकदा उमटली की डिस्क परत लावल्यावरही लगेच पुसली जात नाही. त्यामुळं 'काल दहाच होती, आज दोनशे झाली' याचा अर्थ रोग पसरतोय असा नाही. तुम्ही जास्त गाणी वाजवून पाहिलीत, एवढाच. उलट, दुरुस्ती झाल्यावरही खुणा दिसत राहिल्या तर एका गाण्यावर डबल क्लिक करून बघा. वाजलं तर काम झालेलं आहे.

पहिली खेप: ड्राइव्हचं अक्षर

विंडोज बाहेरच्या डिस्कला मोकळं असेल ते पुढचं अक्षर देतं. बाबांची डिस्क कायम 'ई' असायची. एक दिवस मामांनी लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह आधी लावला, 'ई' त्यानं घेतलं आणि डिस्क झाली 'एफ'. वहीत नऊ हजार पत्ते 'ई' पासून सुरू होणारे. सगळी गाणी एका रात्रीत बेपत्ता.

यावर उपाय दोन मिनिटांचा आहे. आयट्यून्स बंद. विंडोजची कळ आणि एक्स दाबून डिस्क मॅनेजमेंट उघडायचं, डिस्कच्या पट्टीवर राइट क्लिक, 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स', आणि जुनं अक्षर परत द्यायचं. ते दुसऱ्या कुणी अडवलं असेल तर आधी त्याला उठवायचं. एकदा ठरवून दिलेलं अक्षर त्या कॉम्प्युटरवर त्या डिस्कसाठी विंडोज लक्षात ठेवतं, पण ती डिस्क नसताना दुसरं कुणीतरी येऊन बसू शकतं. नवी सुरुवात करणार असाल तर पहिल्यापासूनच 'एम' किंवा त्यापुढचं अक्षर द्या. पेनड्राइव्हांची रांग तिथपर्यंत सहसा जात नाही. आता बाबांच्या डिस्कवर मार्करनं मोठा 'एम' काढलेला आहे.

मॅकवर अक्षरं नसतात, नावं असतात, आणि तिथला सापळा वेगळा. डिस्क नीट बाहेर न काढता वायर ओढली की कधी कधी त्या नावाचं रिकामं भूत मागं राहतं. मग खरी डिस्क लावली की तिच्या नावापुढं '१' चिकटतो आणि सगळे पत्ते चुकतात. बऱ्याचदा डिस्क काढून मॅक रीस्टार्ट केला की भूत जातं. २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर आयट्यून्सच्या जागी म्युझिक ॲप आलं, पण वही आणि पत्ता हा संसार तोच आहे.

दुसरी खेप: डिस्क न लावता उघडलं

२०१६. पुन्हा उद्गारचिन्हं. मी फोनवरूनच बाबांना ड्राइव्हचं अक्षर बदलायला लावलं. अक्षर बरोबरच होतं, ते बदलून आम्ही चुकीचं केलं.

झालं होतं असं. डिस्क लावायच्या आधीच बाबांनी आयट्यून्स उघडलं. गाण्यांचा मुख्य फोल्डर सापडला नाही की आयट्यून्स मुकाट्यानं आतल्या 'सी' ड्राइव्हवरच्या मूळ जागी परत येतं. कुणाला काही सांगत नाही. त्यानंतर उतरवलेल्या तीन सीडी 'सी' वर पडल्या, बाकीचा संसार डिस्कवर, आणि लायब्ररीची दोन घरं झाली. यात जुनी गाणी हरवत नाहीत. हरवतात ती नंतर, तुम्ही 'सी' वरचा कचरा आवरायला घेता तेव्हा.

'एडिट' मधून 'प्रेफरन्सेस', तिथं 'ॲडव्हान्स्ड'. वरच आयट्यून्स मीडिया फोल्डरचा पत्ता दिसतो. तो 'सी' दाखवत असेल तर 'चेंज' दाबून डिस्कवरचा खरा फोल्डर निवडा. मग भरकटलेली गाणी एका जागी आणायला 'फाइल', 'लायब्ररी', 'ऑर्गनाइज लायब्ररी' मध्ये 'कन्सॉलिडेट फाइल्स' हा पर्याय आहे. तो फाइलींची प्रत मीडिया फोल्डरात करतो आणि वहीतला पत्ता बदलतो. मूळ फाइल आहे तिथंच राहते, म्हणून जागा दुप्पट लागते. तेवढी जागा नसेल तर हे बटण अर्ध्यात अडकतं, आधी मोजून घ्या.

तिसरी खेप: आवराआवर

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. २०१९ च्या मे महिन्यात मी बाबांच्या कॉम्प्युटरवर दुसरा एक प्लेअर घातला आणि त्याला गाणी टॅगप्रमाणं, म्हणजे फाइलीच्या आतच लिहिलेल्या नाव-गायकाच्या माहितीप्रमाणं, नीट लावायची मोकळीक दिली. त्यानं निष्ठेनं काम केलं. 'पं. भीमसेन जोशी' आणि 'भीमसेन जोशी' हे दोन फोल्डर एक केले, ट्रॅकच्या आकड्यांपुढं शून्य लावली, फाइलींची नावं बदलली. आणि आयट्यून्सच्या वहीतले पत्ते रद्दी झाले. आयट्यून्सच्या 'ॲडव्हान्स्ड' मध्येही 'कीप आयट्यून्स मीडिया फोल्डर ऑर्गनाइज्ड' अशी खूण असते. ती लावली तर तुम्ही टॅगमध्ये गायकाचं नाव दुरुस्त केलंत की आयट्यून्स फाइल हलवतं, पण वहीतही बदल करतं. म्हणजे फाइली हलवायला हरकत नाही, पण हलवणारा एकच पाहिजे. हातानं, म्हणजे फाइल एक्स्प्लोररमधून, तर कधीच नाही.

दुरुस्तीचा पहिला प्रयत्न साधा: हलवलेलं परत होतं तिथं ठेवायचं. फोल्डर कुठून कुठं गेला हे आठवत असेल तर याच्यासारखा उपाय नाही. ते शक्य नसेल तर एक गाणं डबल क्लिक करून 'लोकेट' म्हणा आणि फाइल दाखवा. मग आयट्यून्स विचारतं, याच ठिकाणावरून बाकीच्या हरवलेल्या फाइली शोधू का? हो म्हणा. आतली मांडणी तशीच असेल आणि वरचा फोल्डर तेवढा हलला असेल तर हजारो गाणी एका दमात जुळतात. फाइलींची नावंच बदलली असतील तर मात्र ते हात टेकतं.

नेमकी कोणती गाणी तुटली आहेत याची यादी आयट्यून्स स्वतःहून देत नाही. त्यावर जुनी युक्ती आहे. 'जिवंत' नावाची एक साधी यादी करा. लायब्ररीतली सगळी गाणी निवडून तिच्यात ओढून टाका. ज्यांची फाइल सापडत नाही ती यादीत येतच नाहीत. मग 'हरवलेली' नावाची स्मार्ट प्लेलिस्ट करा, अट एकच: 'जिवंत' या यादीत नसलेली. जे उरतं ते तुमचं काम. नऊ हजार गाण्यांना वेळ लागतो, चहा करून या. दुसऱ्या प्लेअरांत एवढी सर्कस नाही. मीडियामंकी आणि म्युझिकबीमध्ये हरवलेल्या फाइली शोधायची सोय मेनूतच आहे, आणि लिनक्सवरचा रिदमबॉक्स त्या वेगळ्या कप्प्यात काढून दाखवतो.

त्या खेपेला एक खरंखुरं नुकसानही झालं. दोन-दोन झालेल्या फाइली काढताना अभंगांचा एक फोल्डर मी दोन्हीकडून उडवला. रीसायकल बिनही रिकामी केली. अशा वेळी त्या डिस्कवर काहीही नवं लिहू नका, आणि फोटोरेक किंवा रिकुव्हासारखं पुसलेल्या फाइली परत काढणारं साधन दुसऱ्या डिस्कवरून चालवा. फिरत्या डिस्कवर आशा असते. एसएसडीवर ट्रिम, म्हणजे पुसलेली जागा खरोखर रिकामी करायची सोय, चालू असेल तर फारशी नसते.

आम्हाला वाचवलं ते बाबांच्या जुन्या आयपॉडनं. तो ड्रॉवरमध्ये पडून होता, बॅटरी फुगलेली नव्हती हे नशीब. आयपॉड डिस्क म्हणून उघडला आणि लपवलेल्या फाइली दिसायची सोय चालू केली की 'आयपॉड कंट्रोल' नावाचा फोल्डर दिसतो. त्यात 'म्युझिक', आणि आत 'एफ००', 'एफ०१' असे फोल्डर. फाइलींची नावं चार अक्षरांची, अर्थहीन, बघून छातीत धस्स होतं. पण आतले टॅग शाबूत असतात. सगळं उचलून कॉम्प्युटरवर आणायचं आणि एमपी३टॅगसारख्या प्रोग्रामनं टॅगवरून नावं परत द्यायची. तो आयपॉड आयट्यून्सला जोडताना मात्र जपून. सिंक करू का म्हणेल आणि हो म्हटलंत तर आयपॉडही आजच्या तुटक्या लायब्ररीसारखा करून ठेवेल.

चौथी खेप, म्हणजे या गणपतीत मी काय केलं

जुनी डिस्क कुरकुर करायला लागली होती. म्हणून मी एक रास्पबेरी पाय, म्हणजे लिनक्सवर चालणारा तळहाताएवढा कॉम्प्युटर, घेतला, त्याला नवी डिस्क लावली आणि ती घरच्या नेटवर्कवर सांबा नावाच्या, फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्राममधून विंडोजला 'एम' म्हणून जोडून दिली. अक्षर तेच, फोल्डरांची मांडणी तीच. मागच्या तिन्ही धड्यांना पूर्ण मार्क. गाणी आधी जुन्या डिस्कवरून माझ्या जुन्या मॅकवर घेतली होती आणि तिथून आरसिंक या फाइली पाठवणाऱ्या आज्ञेनं पायवर पाठवली होती. दहा-बारा गाणी वाजवून पाहिली, वाजली, मोदक खाल्ले, पुण्याला आलो.

बाबांनी फोनवर कागदावरून पत्ते वाचून दाखवले. वाट कुठंच तुटत नव्हती. फाइल समोर दिसत होती. शेवटी मी दूरून त्यांच्या कॉम्प्युटरवर गेलो आणि हरवलेल्या गाण्यांची यादी वर-खाली करत बसलो. नऊ हजारांतली साडेतीनशेच्या आसपास. गायक वेगळे, अल्बम वेगळे, कॅसेटी आणि सीडी दोन्ही. पंधरा मिनिटांनी डोळ्यांना दिसलं: जवळजवळ प्रत्येक नावात कुठंतरी 'ऱ' होता. वाऱ्यावर, साऱ्या, गोऱ्या, किनाऱ्याला.

आपला हा अर्धा र, 'ऱ्या' मधला, कॉम्प्युटरला दोन तऱ्हांनी माहीत आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर ज्या यादीवरून सगळ्या लिप्यांची अक्षरं ओळखतो तिच्यात, 'ऱ' हे एक स्वतंत्र अक्षर आहे. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून इंग्रजी 'J' ची कळ दाबली की तेच येतं. आणि 'र' च्या खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, दिला तरी तोच 'ऱ' होतो, पण तेव्हा ती दोन अक्षरं असतात. डोळ्यांना फरक शून्य. मॅकची जुनी एचएफएस प्लस ही फाइल पद्धत, जी २०१७ पर्यंत सगळ्या मॅकवर होती, फाइलींची नावं साठवताना अशी अक्षरं फोडून दोन करते. मॅकवर काही बिघडत नाही, कारण तो दोन्ही एकच समजतो. पण आरसिंकनं ती फोडलेली नावं जशीच्या तशी लिनक्सवर नेली. लिनक्स आणि विंडोज नावं अक्षराला अक्षर लावून बघतात. वहीत एक अक्षराचा 'ऱ', डिस्कवर दोन अक्षरांचा.

खात्री करायची तर नाव नोटपॅडमध्ये चिकटवा. 'वाऱ्यावर' घ्या, कर्सर 'ऱ्या' च्या लगेच नंतर ठेवा आणि बॅकस्पेस एकेकदा दाबत जा. आधी काना जातो, मग य, मग हलन्त. कर्सरच्या आधी उरतं 'वाऱ'. आता पुढच्या बॅकस्पेसला अख्खा 'ऱ' उडाला आणि 'वा' राहिलं, तर ते एक अक्षर आहे. नुसता खालचा ठिपका उडून 'वार' राहिलं, तर ती दोन आहेत. आणि ठिपकेवाला 'ऱ' मधे दिसलाच नाही, हलन्त गेल्यावर थेट 'वार' उरलं, तर तिसरी तऱ्हा आहे. काही कीबोर्ड र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून 'ऱ्य' काढतात. नोटपॅडवर हे करताना बाबा मागून म्हणाले, "एवढ्याशा ठिपक्यासाठी?" होय, एवढ्याशा ठिपक्यासाठी.

उपाय पायवर केला. कॉनव्हएमव्ही नावाची लिनक्सची एक छोटी आज्ञा आहे. ती फोल्डरभरची नावं फोडलेल्या रूपातून जोडलेल्या रूपात, म्हणजे एनएफसीत, आणते. ती आधी नुसती यादी दाखवते आणि वेगळं सांगितल्याशिवाय खरे बदल करत नाही, हे मला फार आवडतं. यादी वाचली, मग बदल केले. तीनशेच्या वर गाणी एका मिनिटात जिवंत. पुन्हा मॅकवरून पाठवायची वेळ आली तर आरसिंकमध्ये आयकॉन्व्हचा पर्याय आहे, त्यानं नावं जाता जाताच जुळवून घेता येतात. मात्र जुन्या मॅकसोबत येणारा आरसिंक दुसऱ्या आवृत्तीचा असतो, त्यात हा पर्याय नाही. तिसरी आवृत्ती घालून घ्यावी लागते.

हिंदी गाणी मात्र या आज्ञेनं सगळी सुटली नाहीत. 'ग़', 'ज़', 'ड़' ही नुक्त्याची अक्षरंही युनिकोडमध्ये एकसंध आहेत आणि फोडूनही लिहिता येतात. पण युनिकोडच्या नियमानं ही अक्षरं एकदा फोडली की परत जोडली जात नाहीत, एनएफसीतही ती फुटलेलीच राहतात. 'ऱ' ला जी सवलत आहे ती यांना नाही. बाबांचा ग़ज़लांचा फोल्डर एकसंध अक्षरांचा होता, त्यामुळं तो मला हातानं नाव बदलून जुळवावा लागला. सुदैवानं फोल्डरचंच नाव होतं. आतल्या फाइलींची नावं साधी होती.

उरलेल्यांत सात फाइली खरोखरच पायवर नव्हत्या. आरसिंकनं त्या सोडून दिल्या होत्या आणि तसं सांगितलंही होतं, पण नऊ हजार ओळींच्या शेवटी कोण वाचतं. लिनक्सवर फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं, देवनागरीला तीन लागतात. म्हणजे फार तर ८५ अक्षरं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. 'कृष्णा' हे नावच अठरा बाइट खातं. बाबांनी कॅसेटी उतरवताना फाइलींना जी नावं दिली ती अशी: 'राग भूप, विलंबित एकताल आणि द्रुत तीनताल, गणेशोत्सव १९७८, सांगली, दुसरा भाग, कॅसेट क्रमांक १२, बाजू ब'. शेपटीसकट २६० बाइट. पाच जास्त. विंडोज बाइट मोजत नाही, अक्षरं मोजतं, म्हणून तिथं इतकी वर्षं निभावलं. ही नावं मी जुन्या डिस्कवर छोटी केली, फाइली नेल्या आणि आयट्यून्समध्ये एकेक 'लोकेट' करून दाखवल्या. बाबांनी 'बाजू ब' काढायला नकार दिला, ते टॅगच्या शेऱ्यात घातलं.

आणि कथाकथनाचा अख्खा फोल्डर गेला तो निव्वळ माझ्या शहाणपणामुळं. विंडोजला फोल्डरच्या नावाच्या शेवटी टिंब चालत नाही. म्हणून आयट्यून्सनं कधीकाळी 'पु. ल.' चं 'पु. ल_' करून ठेवलं होतं. मॅकवर मला ती अधोरेषा खटकली आणि मी तिथं टिंब दिलं. सांबानं ते विंडोजला एका विचित्र आखूड नावानं दाखवलं आणि वहीतला पत्ता बसला वाट बघत. अधोरेषा परत दिली. ती आता मला खटकत नाही.

एवढं सगळं झाल्यावर माझं मत बदललंय, आणि ते मराठीच्या अभिमान्यांना आवडणार नाही. फाइलींची आणि फोल्डरांची नावं छोटी आणि रोमन लिपीत ठेवा. गाण्याचं नाव, गायक, राग, ताल, सगळं टॅगमध्ये शुद्ध देवनागरीत लिहा, हवं तेवढं लांब लिहा. टॅगची जुनी पहिली आवृत्ती तीस बाइटांची आणि युनिकोड न कळणारी होती, म्हणून जुन्या फाइलींत प्रश्नचिन्हांच्या रांगा दिसतात. दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे आयडी३ २.३ पासून पुढं, देवनागरी बिनघोर चालते. स्क्रीनवर दिसतो तो टॅगच. मात्र मग आयट्यून्सची ती 'ऑर्गनाइज्ड' ची खूण काढून टाका, नाहीतर ते टॅगवरून नावं परत देवनागरीत करेल. याद्या बाहेर काढताना एम३यू नव्हे, एम३यू८ निवडा. पहिल्यात देवनागरी पत्त्यांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती यादी दुसऱ्या प्लेअरमध्ये पूर्ण मुकी निघते.

फोनवर, आणि जी गाणी आपली नाहीतच

हे थोडक्यात. अँड्रॉइडवर फाइल दिसतेय पण प्लेअरमध्ये गाणं नाही, तर त्या फोल्डरात 'डॉट नोमीडिया' नावाची रिकामी फाइल आहे का बघा. ती असली की फोन तो फोल्डर गाण्यांसाठी वाचतच नाही. क्लाउडशी जोडलेल्या फोल्डरातल्या फाइली नुसत्या नावापुरत्या कॉम्प्युटरवर असू शकतात, नेट नसेल तेव्हा त्या वाजत नाहीत. फोल्डरवर राइट क्लिक करून तो कायम याच कॉम्प्युटरवर ठेवायचा पर्याय घ्या.

आणि ॲपल म्युझिकसारख्या सेवेतून घेतलेलं गाणं करडं झालं असेल, उद्गारचिन्ह नसेल, तर वरचं काहीही करू नका. तिथं फाइल हरवलेली नाही. त्या सेवेच्या यादीतून किंवा आपल्या देशापुरतं ते गाणं काढलेलं आहे. कधी तोच अल्बम दुसऱ्या कंपनीच्या नावानं परत आलेला असतो, शोधून नव्यानं घालावा लागतो. बाबांचे तारे तिथं जुळत नाहीत, म्हणून बाबा त्या वाटेला जात नाहीत.

परवा त्यांचा फोन आला, पण संध्याकाळी, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. सगळं वाजतंय. जुनी कुरकुरणारी डिस्क पुसून टाकू का, असं मी विचारलं. ती त्यांनी कपाटात ठेवलीय, वर चिकटपट्टी लावून, तिच्यावर पेननं लिहिलंय: 'चिरंजीवांनी हात लावू नये'.